डिंक धरू नये म्हणून

आबा, नावेची मोटर यंदा मी बंद करून ठेवली. काका खाटेवर आहेत, कंबरेचं हाड मोडल्यापासून त्यांना उठवत नाही, आणि तापीचं पाणी तर रोज खाली चाललंय. पल्याडच्या केळीचे शेवटचे घड आले, नाव काठावर पालथी घातली आणि मोटर अंगणात आणून ठेवली. तुम्ही गेल्यापासून हे काम दरवर्षी काकाच करायचे, आणि दरवर्षी नेमकं त्याच दिवशी मला लोधीपुऱ्याच्या शाळेत काहीतरी निघायचं. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी मीटिंग. काकांनी कधी विचारलं नाही. यंदा आईनेच आठवण केली. म्हणाली, तुझे आबा करायचे तसंच करजो, उन्हाळाभर पोटात पेट्रोल राहिलं तर खराब होईल ती.

ती जुनी मोटर तुम्ही ओंकारेश्वरच्या एका नावाड्याकडून आणलीत, तेव्हा आई म्हणाली होती की माणसं तीर्थाला जातात आणि प्रसाद आणतात, आमच्या घरचे लोखंड घेऊन आले. तुमचा चिक्कूपणा तिला त्या मोटरीपायीच खरा कळला असेल. ग्रीस सुटं आणायचं, तेही केळीच्या पानात बांधून. प्लग काळा पडला की माझ्या जुन्या टूथब्रशने घासायचा, नवा घ्यायचा नाही. पेट्रोल गाळायला आईच्या एका चांगल्या पातळाचा तुकडा गेला, त्याबद्दल तिने तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. पण गिअरचं तेल मात्र तुम्ही दोन बोटांत चोळून बघायचात, आणि ते ताकासारखं पांढरं दिसलं की त्याच पावली जाऊन नवं सील आणायचात, भाव न करता. पाणी शिरत असेल तिथे तुम्ही कधी हात आखडला नाहीत, बाकी सगळीकडे आखडलात.

राजपुऱ्यातल्या त्या पार्टच्या दुकानात मी तुमच्याबरोबर जायचे ते दुकानदार खारे दाणे द्यायचा म्हणून. तो दर खेपेला ती निळी बाटली पुढे करायचा. "भाईसाब, दो ढक्कन टंकी में डाल दो, गर्मी भर पेट्रोल ताजा रहेगा." तुम्ही झाकण उघडून वास घ्यायचात आणि बाटली परत ठेवायचात. ताजं ठेवायचंच कशाला, मी तर आत थेंब सोडत नाही, असं त्याला हिंदीत ऐकवून तुम्ही ज्या ऐटीत पायऱ्या उतरायचात, ती ऐट माझ्या लग्नातसुद्धा दिसली नाही.

मग तो दिवस. अंगणात पाण्याचं पिंप, पिंपाच्या काठाला फळी, फळीला मोटर अडकवलेली, पंखा पाण्यात. तुम्ही दोरी ओढता, ती सुरू होते, आणि तुम्ही टाकीची नळी काढून घेता. आता तिच्याजवळ आत उरलेलं तेवढंच. आम्ही कोणी बोलायचं नाही, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. आवाज बारीक होतो, मग एकदम चढतो, वाटतं की आता नव्या जोमाने चालेल, आणि तिथूनच ती खोकायला लागते. थांबते, परत धरते, परत खोकते. शेवटी पंखा थांबतो. तुम्ही दोरी दोनदा ओढून बघता, ती उत्तर देत नाही, मग तुम्ही "झाली" म्हणता आणि आई चहा टाकते. एका वर्षी मला ते खोकणं सहन होईना, मी पुढे होऊन लाल बटण दाबलं. तुम्ही ओरडला नाहीत. नळी पुन्हा जोडलीत, सगळं पहिल्यापासून केलंत आणि मला शेजारी बसवलंत. म्हणालात, "मध्येच बंद नाही करायचं, बेटा. आत राहिलेलं पेट्रोलच डिंक धरतं, चिकटून बसतं."

तुम्हाला इंदूरच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा स्वयंपाकघरातच निजवलं होतं, घरात तीच खोली थंड. दुपारी तुमचा श्वास बारीक झाला आणि मग एकदम जोरात चालू लागला. आत्याला केवढा आनंद झाला. बघा, दादा सावरला, म्हणाली, आणि आई लगबगीने पेज करायला उठली. मला तेवढं माहीत होतं, आबा. त्या घरात तो चढलेला आवाज कशाचा ते मला एकटीला कळत होतं, आणि मी कोणाला सांगू शकले नाही. तुम्ही शिकवलं होतं तशी शेजारी बसून राहिले, शेवटपर्यंत. आईची पेज चुलीवरच राहिली.

म्हणून यंदा पिंप भरलं, मोटर सुरू केली, नळीला हात घातला आणि हात तिथेच राहिला. मोटर बंद केली, पर्स घेतली आणि राजपुऱ्यात गेले. आता दुकानावर मुलगा बसतो. मी निळी बाटली मागितली तर त्याने आधी मला वर-खाली बघितलं. किंमत सांगत नाही, ऐकून तुम्ही दुसऱ्यांदा जाल. घरी येऊन दोन झाकणं टाकीत ओतली, औषध आतपर्यंत पोचावं म्हणून थोडा वेळ चालू दिली आणि लाल बटण दाबलं. एकदम गप्प झाली. ना खोकली, ना काही.

आई दारात उभी होती, तुमच्या वेळी उभी राहायची तिथेच. तिला कळलंच असणार. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं केलं बाई. मलेबी इतकी वर्षं ऐकवत नव्हतं." मग चहा टाकला. काकांनाही खाटेवर नेऊन दिला.

हा कागद तापीत सोडावा म्हणून घाटापर्यंत गेले होते, पण परत आणला. वाचून तुम्ही आधी बाटलीची किंमतच विचारली असती. मोटर तुमच्याच गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. आई म्हणते, हंगामाला पहिल्या दोरीत सुरू होईल. झाली नाही तर तुमचंच बरोबर होतं म्हणा, मी ऐकून घेईन. पण खरं सांगू का आबा, ती सुरू होवो न होवो, आत थोडं शिल्लक आहे, मला तेवढं पुरतं.