राबाची उपमा

मंगळवार, १८ जानेवारी १९३८
म्हशाच्या जत्रेमुळे सातवीत हजेरी अकरा. तरी अलंकार सुरू केले. पाठटाचणात आजची तारीख आहे. फळ्यावर चार रकाने: उपमेय, उपमान, साधर्म्य, साधर्म्य दाखवणारा शब्द. उदाहरण पुस्तकातले. मुख कमळासारखे.
काशी उभी राहिली. वर्गात एकटी मुलगी, त्यामुळे उठली की सगळे वळून बघतात. "बाई, कमळ आमी पायलंच नाय." मागून कुणी म्हणाला, मग चंद्र घे. तर म्हणते, चंद्राला डाग हायेत, ते तोंडावर धरायचे का सोडायचे?
प्रश्न बरोबर. ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षांत हा कुणी विचारला नाही. मीही नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी
पुस्तक मिटायला लावले. उपमान स्वतः पाहिलेलेच हवे, पुस्तकातले आणाल तर शून्य. एकाने हेडमास्तरांच्या आवाजाला फुटक्या घागरीची उपमा दिली. पुसायला लावली. अचूक होती.
काशीच्या पाच. साधर्म्याचा रकाना एकदाही चुकला नाही.

सोमवार, २४ जानेवारी
काशीचा बाप आला. होळी झाली की सगळी वाडी वैशाखरे गावाच्या पलीकडे कोळशाच्या भट्ट्यांवर जाते. म्हणाला, "फायनलच्या परिक्षेला बसनार आसंल तर ऱ्हाऊ दे मावशीकडं. नाय तर तिचे बी हात कामाला."
मी म्हटले, बसेल.
पास झाली तर पुण्याला ट्रेनिंगला जाता येईल, हे त्याला बोलले नाही. तिला बोलले आहे. बोलायला नको होते कदाचित.

गुरुवार, १० फेब्रुवारी
तपासणी. साहेब देशावरचे. माझ्या नोकरीत कायम होण्याचा शेरा त्यांनीच द्यायचा. सातवीत येऊन बसले. म्हणाले, विद्येला उपमा द्या. मुलांनी दिवा दिला, धन दिले. मग काशी.
"विद्या राबासारखी. आधी भुई भाजते, मंग रोप जोरात येतं."
चारही रकाने भरलेले. वर्षभरात इतके चांगले उत्तर मला मिळालेले नाही.
साहेबांना राब माहीत नाही. इकडे भाताच्या रोपासाठी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून पावसाआधी जाळतात, त्या राखेत पेरतात. सांगायला अर्धे मिनिट लागले असते. हेडमास्तर जन्माने इथलेच. ते कौलांकडे बघत होते.
"विद्या जाळते म्हणतेस?" साहेब हसले, म्हणून वर्ग हसला. मग माझ्याकडे वळून, "हे तुम्ही शिकवलंत, बाई?"
"नाही. मी पुस्तकातलीच उदाहरणे देते."
काशी उभीच. तिला बस म्हणायचे राहिले. तास संपेपर्यंत.

शनिवार, १९ फेब्रुवारी
दोन कागद एकाच टपालाने. मी कायम. शेरा: अध्यापन पाठ्यपुस्तकास धरून, समाधानकारक. दुसरा: फायनलच्या यादीतून काशीचे नाव कमी, भाषेची तयारी अपुरी. यादीत फेरबदल सुचवायची मुदत ५ मार्च.
हेडमास्तर म्हणाले, पेढे शहापूरचेच हवेत हं, बाई.
काशी तपासणीच्या दुसऱ्या दिवसापासून गैरहजर.

बुधवार, २ मार्च
वाडीवर गेले. बापाने घोंगडी टाकली, पाणी दिले.  यादीचे त्याला कळलेले आहे. भट्टीचा मुकादम येऊन गेला म्हणाला.
काशी खाली रोपाच्या तुकड्यावर होती, राबासाठी फांद्या पसरत. म्हटले, शाळेत ये. तिने हात थांबवले नाहीत.
"आता पुस्तकातल्या समद्या पाठ हायेत, बाई. म्हनून दावू?"
आणि म्हणाली. मुख कमळासारखे. नेत्र हरिणीसारखे. वाणी मधासारखी. सगळ्या, धड्यातल्या क्रमाने. एकही चूक नाही. वर बघितले नाही.
मी शेवटपर्यंत ऐकल्या. दुसरे काय करणार होते.

शुक्रवार, ४ मार्च
साहेबांना पत्र. पहिला मसुदा: 'माझ्या शिकवण्यातून मुलीचा गैरसमज झाला असावा.' वाचून पाहिला. गैरसमज तिचा झालेला नाही. फाडला.
दुसरा: 'आपण विचारल्यावर मी खोटे उत्तर दिले. स्वतः पाहिलेले उपमान घ्यावे, हे मीच शिकवले. मुलीचे उत्तर बरोबर आहे. तिचे नाव यादीत परत घ्यावे.' खाली राब म्हणजे काय ते. तीन ओळी लागल्या.
सहीखाली हुद्दा. 'कायम' लिहायचे की नाही यात थोडा वेळ गेला. लिहिले नाही.
दुपारच्या टपालात दिले. टपाल हेडमास्तरांच्या हातूनच जाते; त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला. 

सोमवार, १४ मार्च
उत्तर नाही. परवा होळी. भट्टीवर जायच्या गाड्या सांगून झाल्या आहेत असे वाडीकडचा एक मुलगा म्हणाला. काशीचे विचारले तर म्हणाला, "तिचं बोचकं बांधलंय का नाय, ते मी नाय पायलं, बाई."
सातवीत आज रूपक. एक जण काशीच्या जागेवर सरकत होता, त्याला मागे बसवले. व्याख्या सांगितली. आता एकेक उदाहरण लिहा, म्हटले.
कुणीच लिहीना. मग पहिल्या बाकावरून, "बाई, पुस्तकातलं लिवू का पायलेलं?"
सगळे थांबले होते. मी खडू खाली ठेवला. म्हटले, पाहिलेलेच.