नऊ सारखे चौकोन

३ जाने. १९९४, सोम.
मानवतहून एसटी उशिरा. परभणीत पोचले तर वसंतकाका दुकानाचं शटर उघडून बसलेले. घड्याळाकडे बघितलं. बघू देत. टायपिंगची मशिनं विकून संगणक त्यांनी आणला, पण चालवते मी.
नवं काम. एका गावच्या पंचायतीचं पुस्तक, २६ ला वाटायचं. मधल्या पानावर नऊ मेंबरांचे फोटो, खाली नावं. सरपंच स्वतः आले होते, फेट्यासकट. पाकिटात फोटो आठच. सौ. कौसाबाई आणि सौ. इंदूबाई यांचे बघते तर दोघींना मिशा!
"मालकांचे हायेत ते. कारभार तेच बघायलेत," सरपंच म्हणाले.
नववी मेंबर गयाबाई. विधवा, म्हणजे लावायला नवराही नाही. "तिचा चौकोन माझ्यात घाला, ताई. मी जरा मोठा दिसंन."
काकांनी मान डोलावली. माझी नाही हलली.

५ जाने., बुध.
पानावर नऊ चौकोनांचं टेबल केलं. आडवे तीन, उभे तीन. फोटो टाकला की कोपऱ्याला चिकटून बसतो, आणि मोठा असला की चौकोनच फुगवतो. मग पुढची ओळ खाली ढकलली जाते, शेवटच्या तिघांची नावं थेट दुसऱ्या पानावर. दिवसभर हेच. शेवटी ओळींची उंची पक्की करून टाकली. आता कुणी कितीही फुगो, चौकोन हलणार नाही. खुशीत प्रिंट काढली तर सरपंच नाकाखाली गायब. नुसता फेटा, कपाळ, डोळे. म्हणजे मिशा कौसाबाईंना, सरपंचांना नाहीत. हसून हसून बेजार झाले. काकांनी तो कागद घाईघाईने चुरगाळून खिशात घातला.
फेटा आख्खा बसवायचा तर माणूस लहान करावा लागतो. केला. सगळ्यांत बारकं तोंड आता त्यांचंच. त्याला इलाज एक, गयाबाईची जागा त्यांना देणं. ती मी देत नाही.

७ जाने., शुक्र.
त्या गावची एक भाजीवाली स्टँडवर बसते. तिच्याकडे निरोप दिला, गयाबाईंना म्हणावं फोटो घेऊन दुकानात या, कौसाबाई-इंदूबाईंचेही मिळाले तर आणा. घरी आईला सांगितलं.
"तुला कुनी सांगितलंय नाक खुपसायला? हाय ती नोकरी घालवशील."
गेली तर गेली, म्हटलं. म्हणायला सोपं. भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते.

१० जाने., सोम.
गयाबाई आली. डोक्यावर पदर, आवाज असा की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. फोटो नव्हताच तिच्याकडे.
"अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत घर जाळलं आमचं. त्यात मालकाचा फोटू गेला, माझाबी गेला. तव्हापासून काढलाच न्हाई."
शेजारच्या स्टुडिओत घेऊन गेले. फोटोवाला म्हणाला, हसा. "मेंबर हासत असतेत का?" नाहीच हसली.
जाताना पिशवीतून आणखी दोन फोटो काढून दिले. कौसाबाईंचा लग्नाच्या फोटोतून कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच. इंदूबाईंचा जत्रेतला, मागे पडद्यावरचं विमान. "त्यायनीच दिले. मालकाला सांगू नको म्हन्ल्या."

१३ जाने., गुरु.
स्टुडिओतून फोटो आला. आपला स्कॅनर हातात धरून फिरवायचा. हात वाकडा गेला आणि गयाबाई तिरपी आली. परत केलं, परत तिरपी. मध्येच लाईट गेली. दुपारनंतर एकदाची सरळ आली, मधोमध बसली. दोन्ही मिशाळ मालक काढून टाकले, त्यांच्या जागी त्यांच्या बायका.
काकांनी बघितलं.
"गिऱ्हाईक कोण आपलं? सरपंच का ती?"
"पुस्तक पंचायतीचं आहे, काका."
"मला शिकवू नको. काम गेलं तर तूपण घरीच बसशील."
पान सेव्ह केलं. त्यांच्या देखत.

१५ जाने., शनि.
काल संक्रांत. विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. स्टँडवर पोलीस, गाड्यांचा पत्ता नाही, घरीच होते. आज गयाबाई तीळगूळ घेऊन हजर. पदरावर निळ्या गुलालाचे डाग.
"सोळा साल लागले एका नावाला, माय. तेबी आख्खं न्हाई, जुन्याला जोडून. माझ्या फोटूला किती लागतेत बघू."
पडद्यावर स्वतःला बघत राहिली. मग बोट लावून मोजल्यासारखं केलं. "सरपंचाएवढाच हाय की गं चौकोन!"
मला रडू आलं. आलं तर आलं.

१८ जाने., मंगळ.
उद्या सरपंच पान बघायला येणार. काका म्हणाले, दोन पानं काढून ठेव, एक तुझं, एक त्यांच्या मनासारखं. हवं ते घेतील. बरं म्हटलं. पण दुसरं पान मी केलेलं नाही आणि करणारही नाही. उद्या विचारतील तेव्हा तोंडावर सांगेन. आईला अजून काही बोलले नाही.
संध्याकाळी स्टँडवर भाजीवालीने उलटा निरोप दिला. गयाबाई म्हणते, "पान पसंत कराया मेंबर नको का? उद्या आमी तिघीबी यायलोत."
दुकानात गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची एकच, ती सरपंच घेतील. तशीच मागे फिरले, शेजारच्या हॉटेलवाल्याला सांगून आले, सकाळी तीन खुर्च्या लागतील. तो म्हणाला, बाया हायेत तर स्टूल देतो. स्टूल नको म्हटलं. खुर्च्याच.