अल्बममधली घंटा

ती. अंबाजीराव भावोजींना नमस्कार.

तुम्ही सुचवलेला बैलकुप्पेच्या त्या दोन मुलांचा अल्बम मला तुमच्याविना तीन रविवार आणि माझ्या बहिणीचा अबोला, एवढ्याला पडला.

आपल्या रविवारच्या गाणी ऐकणाऱ्या मंडळाचा नियम साधा आहे. दुसऱ्याने सुचवलेला, फारसा कुणाला ठाऊक नसलेला अल्बम पूर्ण ऐकायचा आणि मग खरं मत द्यायचं. मी दिलं, "गिटार बरी आहे, बाकी सगळं रिकामं."

तुम्ही म्हणालात, "आणि मागे वाजणारी ती बारीक घंटा? तिच्यासाठीच तर सुचवला!"

मी सगळ्यांसमोर हसलो. "घंटा नाहीच, भावोजी. उगाच थापा मारू नका. नुसत्या आवाजावरून कुठल्या शिलाई मशीनची सुई बोथट झाली ते सांगणारा माणूस आहे मी. असा कान अख्ख्या हेब्बाळात दुसरा नाही."

तुम्ही कॉफी अर्धी टाकून उठलात, ते पुन्हा आला नाहीत.

मला मात्र राहवेना. नसलेली घंटा तुम्हाला ऐकू येते तरी कशी? अल्बम आठ वेळा ऐकला. हेडफोन बदलले. कारखान्यातली सगळी मशीनं बंद करून ऐकला. शेवटी नातीला, चंदनाला ऐकवला. ती म्हणाली, "अज्जा, घंटा तर थांबतच नाही की!"

काल कान तपासून आलो. हे तुम्हाला लिहिलं खरं, पण पत्र पाठवायचा धीर होत नाही. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात बसल्यामुळे माझ्या दोन्ही कानांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत.

तुमचा मेहुणा,
वेंकटरमण