कीर्तनात धूप म्हणून घेतलेल्या वाफेबाबत तक्रार

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
घोडपदेव विभाग, मुंबई.

विषय : एकादशीच्या कीर्तनात इलेक्ट्रॉनिक सिगारेटची वाफ सोडल्याबाबत व सदर वस्तूची विक्री बंद करणेबाबत.

संदर्भ : इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा, २०१९.

महोदय,

मी, उर्मिला गंगाराम परब, वय ६८, नारायण निवास चाळीत राहते. तळमजल्यावर विठ्ठलाचं देऊळ आहे व दर एकादशीला तिथे पद्मजाताईंचं कीर्तन असतं. एकतीस वर्षांत सुनेच्या बाळंतपणाखेरीज मी एकही चुकवलेलं नाही.

१. दि. १५ नोव्हेंबर रोजी आख्यान ऐन रंगात असताना खांबामागून केशर-वेलचीचा वास आला व पांढरी वाफ गाभाऱ्याकडे निघाली. कुणी नवा धूप आणला असं समजून मी ती दोन्ही हातांनी घेऊन डोळ्यांना लावली. शेजारणींनाही म्हटलं, घ्या गं, धूप घ्या. चौदा जणींनी घेतला. आमच्या चाळीतले तात्या, वय ८९, यांना दिसत नाही. त्यांचे हात धरून मीच वाफेवर नेले.

२. तेवढ्यात पद्मजाताईंना ठसका लागून कीर्तन थांबलं. खांबामागे बघते तर गल्लीतला मोबाइलवाला हितेंद्र, हातात पेनासारखी नळी! म्हणजे आम्ही डोळ्यांना लावलं ते ह्याच्या तोंडातलं. महोदय, आम्ही देवाला वाहायचं फूल हुंगत नाही, दिवा फुंकरीने मालवत नाही. आणि गाभाऱ्यात हे उष्टं! साबण डोळ्यांत जाईपर्यंत तोंड धुतलं, तरी किळस जात नाही.

३. जाब विचारला तर मलाच शिकवायला लागला. गुडघेदुखीवरचा पल्सचा पट्टा मी ह्याच्याच दुकानातून घेतलेला. म्हणतो, मावशी, हे त्यातलंच. पट्ट्यात विजेचे बारीक ठोके कातडीतून नसांपर्यंत जातात, ह्यात तेच ठोके तारेला. ओढलं की आतल्या सेन्सरला कळतं, बॅटरी थांबून थांबून वीज देते, तार तापते, कापसातल्या रसाची वाफ होते. जाळ नाही, राख नाही, मग पाप कसलं? रसात निकोटीन असतं का, एवढंच मी विचारलं. म्हणे, असतं थोडं, त्याशिवाय गिऱ्हाईक परत कसं येणार? शी! चुलीत आणि चितेत विस्तव एकच असतो, म्हणून कुणी चितेवर भात रांधतं का?

४. पद्मजाताईंचा घसा अद्याप बसलेला आहे. देवापुढे असलं सुटतं तिथे मी उभी राहणार नाही, असा त्यांचा निरोप आहे. सबब १ डिसेंबरच्या एकादशीपूर्वी सदर दुकान तपासावे. माल काउंटरखाली बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो, मी डोळ्यांनी पाहिला आहे. हितेंद्रला मारू मात्र नये. त्याची आई कीर्तनात माझ्याच बाजूला बसते.

५. आणखी एक कळकळीची विनंती. आपली माणसं साध्या कपड्यांत पाठवावीत व जबाब देवळात घेऊ नयेत. तात्या दिवसभर तिथेच बसून असतात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. रोज मला विचारतात, उर्मिला, त्या दिवशीचा धूप परत कधी गं लावणार? देव इतका जवळ कधी आला नव्हता. मी म्हणते, संपला, तात्या. दुकानदाराने आणायचा बंद केला. हे माझं बोलणं एकादशीआधी खरं करावं, एवढंच मागणं.

आपली नम्र,
उर्मिला गंगाराम परब
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) हितेंद्रने मला ‘वापरून बघा’ म्हणून दिलेली नळी, दुहेरी पिशवीत. हाताळल्यावर हात धुवावेत.
२) चौदा जणींच्या सह्या. तात्यांचा अंगठा घेतलेला नाही.