दूध हलू नये म्हणून

आये, तुला लिहून उपयोग काय, जिवंत होतीस तेव्हाही तुला सहीपुरतंच येत होतं. तरी लिहितेय. तुझ्या नातवाच्या हृदयाचं ऑपरेशन चाललंय, सूनबाई तिकडे हॉस्पिटलात आहे, आणि मी इथे परळला घरी फोनची वाट बघत बसलेय.  अशी सकाळ मी पहिल्यांदा काढली ती तुझ्याबरोबर चालताना, शीवच्या पलीकडच्या कुरणात.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आदल्या दिवशी लालबागला गोळ्या चालल्या, आणि मोर्चाला गेलेले बाबा रात्रभर आलेच नाहीत. सकाळी पोलीस चाळीचाळीतून पुरुषांना उचलत होते. तू रडली नाहीस, चूल पेटवली नाहीस, कोपऱ्यातल्या वेताच्या टोपल्या तेवढ्या उचलल्यास. दादरच्या पारशीणबाईंनी तुला टोपलीतलं पनीर करायला शिकवलं होतं. त्याला धारोष्ण दूध लागायचं, म्हणून तू शीवपलीकडच्या गवळ्याच्या झोपडीत जाऊनच ते करायचीस, सुट्टी असली की मलाही न्यायचीस. पण त्या दिवशी? शेजारीण दारात आडवी आली. "डोकं फिरलं काय गो तुझं? पोरीक घेऊन खंय चाललंस?" तू म्हणालीस, "पारशिणीकडे लग्न आसा. पनीर नको काय?" मला तुझा असा राग आला! बापाचा पत्ता नाही आणि हिला पनीर सुचतंय.

मोठा रस्ता सोडून गल्लीबोळांतून आपण जीव मुठीत धरून चाललो. दुकानं बंद, रस्त्यावर कुणाच्या तरी चपला पडलेल्या. शीवला एका पोलिसाने टोपल्या लाठीने उलट्या करून बघितल्या, तू त्या गुपचूप गोळा केल्यास. शीवचा किल्ला मागे पडला की घरं संपायची आणि चिखल, गवत, खाजण सुरू व्हायचं. एरवी मला ती वाट आवडायची. म्हशी डबक्यांत बसलेल्या, त्यांच्या पाठीवर बगळे, वाऱ्याला शेणाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. त्या दिवशी मात्र गवत हललं तरी मी दचकत होते. "म्हशीच्या खुरांच्या ठशांवर पाय ठेव," तू सांगतेस, "बाजूक नको, रुतशीत." मी मान खाली घालून ठसे शोधत चालते आहे, पुढे तुझ्या भेगाळलेल्या टाचा दिसतायत, आणि तू एकदाही मागे वळत नाहीस.

झोपडीत बाबा होते. काही झालं तर म्हशींकडे जायचं, असं तुमचं ठरलेलं होतं म्हणे. मला कोण सांगतंय! त्यांच्या पायाला फडकं बांधलेलं, तोंड पांढरंफटक. मी त्यांना बिलगणार तेवढ्यात बाहेरून गवळणीची हाक आली, "पोलीस!" बाबा कोपऱ्यातल्या पेंढ्याखाली शिरले. तू दुधाचं पातेलं माझ्यापुढे ठेवलंस, माझे दोन्ही हात त्याच्या काठावर ठेवलेस. "ह्यात औषध घातलंय," तू म्हणालीस. औषध म्हणजे कोंबडीच्या पोटातली सुकवलेली कातडी भिजवलेलं पाणी, त्यानेच ते दूध दह्यासारखं घट्ट लागायचं. "लागेपर्यंत हलता कामा नये. हललं तर सगळं फुकट. दुधावरची नजर काढू नको."

दोघे पोलीस आत आले. "लालबागचे पळून आलेत इकडे. बघितलं कुणाला?" आणि तू, माझे आये, त्यांनाच दटावलंस. "साहेब, पाय हळू टाका. दूध लागतंय." एकजण खरंच दारात थांबला. दुसऱ्याने पेंढ्यात लाठी खुपसली, मग परत खुपसली.  पेंढ्याकडे बघावं असं डोळ्यांना इतकं वाटत होतं! पण दुधावर बारीकशी लाट उठली, आणि मला वाटलं, माझ्यामुळे आता सगळं फुकट जाणार. मी श्वास धरला. हात दगडासारखे केले. लाठी बाबांच्या बरगडीला लागली होती, त्यांनी हूं की चूं केलं नाही, हे मला नंतर कळलं.

ते लांब गेल्यावर तू माझे हात सोडवलेस, पातेलं उचललंस आणि सरळ पेल्यात ओतून बाबांना दिलंस. दूध पातळच होतं. त्यात तू काहीच घातलं नव्हतंस. मी भोकाड पसरलं आणि तुला खोटारडी म्हणाले. तू मला जवळ ओढलंस आणि पदराने माझं नाक पुसलंस.

आत्ता तुझी पणती माझ्यासमोर पातेलं धरून बसली आहे. सारखी विचारत होती, पप्पांना दुखत असेल का, पप्पा कधी येणार. शेवटी मी म्हटलं, "ह्यात औषध घातलंय बाळा, हलवू नको." बिचारी डोळ्यांची पापणी लववत नाही. आणि मी इथे, तिला दिसू नये म्हणून, कागदावर हात दाबून धरलाय, अक्षर बघ कसं येतंय. आये, मला फार भीती वाटतेय गं. त्या दिवशी तुझेही हात कापत होते का? मला ठाऊक नाही. मी दुधाकडे बघत होते.