नदीकाठच्या घराला माझा पैसा लावू नये

मी, सौ. मनोरमा अरुण पाटणे, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार अल मजाज, शारजा, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

१. माझी शिलाई मशीन आणि कात्र्या छायाला द्याव्यात. अठरा वर्षं ती दुकानात माझ्या शेजारी बसून काजं करतेय. दोन हजार चोवीसच्या पावसात पाणी आत शिरलं, तेव्हा तिनेच मशीन टेबलावर चढवली. सोन्याच्या पाटल्या मुलगी मिहिकाला. त्या मोडून गाडी घेऊ नये.

२. माझ्या बचतीतला एक दिरहमही कातळकोंडच्या नदीकाठच्या घराला लावू नये. निवृत्तीनंतर राहायला ते माझे पती अरुण यांनी पसंत केलं आहे. पाहिलं कधी? डिसेंबरच्या सुट्टीत! आपण आखातातले सगळे गावची घरं डिसेंबरातच बघतो, नदीत पाय सोडून फोटो काढतो आणि टोकन देऊन येतो. सौदा जुळवणारे यांचे मित्र दौलत म्हणाले, "वहिनी, इथे पाणी कधीच येत नाही. यल्ला, घेऊन टाका!" मिहिका म्हणाली, "आई, रिलॅक्स, इट्स सो प्रिटी."

३. म्हणून जुलैत मी एकटी गेले. यांना सांगितलं, मावशी आजारी आहे. मावशी ठणठणीत आहे, क्षमा असावी. घराला नवा रंग दिला होता. मी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं, तर आत रंग नव्हता. चिखलाची रेघ होती. पर्समधली टेप काढून मोजली. जमिनीपासून सदुसष्ट इंच. शेजारच्या ठकुबाई म्हणाल्या, "अगो बाय, आमी तांदूळ माळ्यावरच ठेवतो." आमच्या यांची उंची मला मोजावी लागत नाही. पासष्ट. त्या कपाटापाशी मी रडले, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

४. त्याच गावात वर सड्यावर, उंच कातळपठारावर, दुसरं घर आहे. दिसायला भिकार. वादळात त्याचे पत्रे दोनदा उडालेत, मे महिन्यात विहीर आटते. सगळं मी खोदून खोदून विचारलं. पत्रे परत बसवता येतात. आत स्लॅबची एक खोली आहे. वादळाची सूचना आली की तिथेच बसावं. हे घर मी ऑगस्टमध्ये माझ्या नावावर विकत घेतलं आहे. ते मी अरुण यांना देते. किल्ली छायाकडे आहे.

५. दौलतभावोजींना माझे गमबूट द्यावेत. त्यांनी नदीकाठी एक पावसाळा काढावा, मग बोलावं.

६. या सगळ्याची अंमलबजावणी मिहिकाने करावी.

अहो, हा कागद छाया गुरुवारी सकाळी तुमच्या हाती देईल. नंतर भांडायला मी नसले तर, म्हणून आधीच भांडून घेतेय. तुम्हाला पोहता येत नाही. झोपेत पाणी दाराशी आलं आणि उठवायला कुणीच नसलं, हा विचार मला सहन होत नाही. आणि मी शुद्धीवर आले, तर हे मृत्युपत्र फाडून टाका. घर मात्र सड्यावरचंच. सामान बांधायला घ्या, मी येतेय.

सही: मनोरमा अरुण पाटणे

आमच्यासमक्ष सही केली:
१. छाया तांबडे, अल नहदा
२. मोहिद्दीन परकार, किराणा दुकानदार, अल मजाज

शारजा, ९ नोव्हेंबर २०२५