पत्र्याचा डबा

ती. आप्पा,

कोलंबो बंदरातून रूपेशचा नमस्कार. जहाजावर मी ठीक आहे, जेवणही बरं मिळतं. आईचे गुडघे कसे आहेत?

धाकट्या मनस्वीने कळवलं, घरच्या बंदुकीच्या परवान्यासाठी सुरक्षेच्या वर्गाला तुम्ही बापलेक एकाच बाकावर बसलात. नळी रिकामी आहे का ते बघायला तुम्ही विसरलात, तिने सगळ्यांसमोर चूक दाखवली, आणि तुम्ही हसलात म्हणे.

मी बारा वर्षांचा असताना त्या बंदुकीला नुसता हात लावला, तर दिवसभर अंगणात उभं केलंत. बागेतली वानरं हाकायला पत्र्याचा डबा दिलात. घर सोडेपर्यंत माझ्या हातात तोच होता.

पोरगी हुशार आहे. मला आनंदच आहे.

डबा पडवीत असेल. तो तरी तिला देऊ नका.

तुमचा,
रूपेश